नाव न सांगता गुन्ह्याची खबर द्यायची असेल तर: गोव्यातल्या नवख्यांसाठी

खबर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जाईल, असं पोलिसांच्या प्रत्येक आवाहनात शेवटी लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. कायदा तुमचं नाव ठरावीक जागी झाकतो, तेही तुम्ही फक्त खबर देणारे असेपर्यंत. तक्रारीवर सही केली, पंचनाम्याला उभे राहिलात किंवा स्वतः काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून दिलात, की तेच नाव आरोपीच्या वकिलाच्या फाइलीत जातं आणि मग ते परत काढून घेता येत नाही. शिवाय गोव्यातले वाडे लहान. नदीकाठच्या कुठल्या घरातून चोरट्या रेतीची होडी दिसते, हे होडीवाल्यालाही माहीत असतं. म्हणून फोन उचलण्याआधी थोडा विचार हवा.

आधी भूमिका ठरवा

पहिली भूमिका खबऱ्याची. तुम्ही सांगता आणि बाजूला होता. पोलीस स्वतः खातरजमा करतात, छापा टाकतात, आणि गुन्हा सापडला तर छापा टाकणारा अधिकारीच सरकारतर्फे फिर्याद देतो. कागदावर ‘गुप्त माहितीच्या आधारे’ एवढंच येतं. अमली पदार्थांचे बहुतेक खटले असेच उभे राहतात. फिर्याद देणाऱ्या अधिकाऱ्यानेच तपास केला म्हणून खटला आपोआप बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली मुकेश सिंग प्रकरणात ठरवलं. त्यामुळे पोलिसांना तुम्हाला फिर्यादी म्हणून पुढे करायची कायदेशीर गरज नसते. ‘तक्रार दिल्याशिवाय काही करता येत नाही’ असं कोणी सांगितलं, तर हे लक्षात ठेवा. दखलपात्र गुन्ह्याच्या, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याच्या, खबरीवर पोलीस स्वतःहून कारवाई करू शकतात.

दुसरी भूमिका तक्रारदाराची. एफआयआरमध्ये तक्रारदाराचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि पत्ता यांचे रकाने असतात. आरोपीला तिची प्रत मिळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार एफआयआर साधारण २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची असते. लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. मटका, रेती, मारामारी वगळलेली नाहीत.

तिसरी भूमिका साक्षीदाराची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८०खाली घेतलेला जबाब आरोपपत्रासोबत न्यायालयात जातो आणि कलम २३०खाली त्याची प्रत आरोपीला द्यावी लागते. पंचनाम्याचा पंचही साक्षीदारच. जिथली खबर तुम्ही दिली, तिथेच ‘जरा पंच म्हणून सही करा’ असं शिपायाने म्हटलं तर नम्रपणे नकार द्या आणि तिथून निघा. खरं तर छाप्याच्या वेळी तुम्ही तिथे असायलाच नको.

लाचेच्या सापळ्यात मात्र तक्रारदाराला नाव लपवणं शक्य नसतं. नोटा त्याच्याच हातून जातात, न्यायालयात साक्षही त्यालाच द्यावी लागते. नाइलाजाने लाच दिली असेल तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८मध्ये संरक्षण आहे. पण ते खटल्यापासूनचं संरक्षण आहे, गुप्ततेचं नाही.

कायदा नेमकं काय झाकतो

मुख्य कलम भारतीय साक्ष अधिनियम, २०२३चं १३१. जुन्या पुरावा कायद्यात ते १२५ होतं. गुन्ह्याच्या खबरीचा उगम उघड करायला दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही, हे त्यातलं तत्त्व. सरकारी महसूल बुडवण्याच्या गुन्ह्यांत हेच संरक्षण महसुली अधिकाऱ्याला आहे. अमली पदार्थांसाठी एनडीपीएस कायदा, १९८५मध्ये कलम ६८ वेगळं आहे. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत ‘ही माहिती तुम्हाला कोणी दिली?’ असं विचारलं, तर अधिकारी या कलमांचा आधार घेऊन उत्तर नाकारू शकतो.

इथे नवख्यांची एक चूक ठरलेली असते. हा अधिकार तुमचा नाही, अधिकाऱ्याचा आहे. त्याला बोलायला ‘भाग पाडता येत नाही’ एवढंच कलम म्हणतं. तो चहाच्या टपरीवर स्वतःहून बोलला तर हे कलम त्याचं तोंड धरत नाही. म्हणून कुठल्या कचेरीला सांगायचं यापेक्षा कोणाला सांगायचं हे आधी ठरवावं लागतं.

दुसरी भिंत माहिती अधिकार कायद्याची. कलम ८(१)(जी) सांगतं की ज्यामुळे कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा कायदा अंमलबजावणीसाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा उगम ओळखू येईल, अशी माहिती नाकारता येते. तपास चालू असेल तर ८(१)(एच)चाही आधार असतो. आरोपी किंवा त्याचा भाऊ दहा रुपये भरून ‘माझ्याविरुद्ध कोणी तक्रार केली’ असा अर्ज टाकतो, हे नेहमीचंच. म्हणून लेखी खबर देताना वरच एक ओळ घाला: ‘ही माहिती विश्वासाने व गोपनीय म्हणून दिली आहे, माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(१)(जी) व कलम ११ अन्वये माझी ओळख उघड करू नये.’ कलम ११ का? तुम्ही गोपनीय म्हणून दिलेली माहिती देण्याचा माहिती अधिकाऱ्याचा विचार असेल, तर अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्याने तुम्हाला नोटीस द्यायची असते, आणि हरकत घ्यायला तुम्हाला नोटीस मिळाल्यापासून दहा दिवस मिळतात. नोटीस यायला अर्थातच पत्त्याची गरज आहे. निनावी पत्र लिहिलं असेल तर हा मार्ग उरत नाही, पण तेव्हा उघड करायला नावही नसतं.

कुठे कळवायचं

११२वर लावलेला फोन निनावी नसतो. नंबर आणि ठिकाण यंत्रणेला दिसतं, आणि सिमकार्ड केवायसीने तुमच्याशी बांधलेलं असतं. गस्तीची गाडी तुम्हालाच परत फोन करून ‘नेमकं कुठे?’ असं विचारते. मारामारी, अपघात, डोळ्यांसमोर चाललेला गुन्हा यांसाठी ११२च योग्य. पण महिनोन्महिने चाललेल्या धंद्याची खबर तिथे देऊ नका.

अपघाताची एक सोय बहुतेकांना माहीत नसते. जखमीला मदत करणाऱ्याला किंवा अपघात कळवणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४-ए त्यासाठीच आहे.

ड्रग्जसाठी १९३३ ही ‘मानस’ हेल्पलाइन जुलै २०२४मध्ये सुरू झाली. ती केंद्राच्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोची आहे, चोवीस तास चालते आणि नाव न सांगता माहिती घेते. गोवा पोलिसांचा अँटी नार्कोटिक सेल पणजीत आहे. किनारपट्टीवरच्या एखाद्या धंद्याची खबर असेल आणि जवळच्या स्टेशनवर तुमचा विश्वास नसेल, तर हे दोन मार्ग स्टेशनला वळसा घालून जातात. मुलांच्या छळासाठी १०९८. लहान मुलांची अश्लील चित्रं दिसली, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर निनावी नोंद करण्याची वेगळी सोय आहे. १९३० हा मात्र पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीचा नंबर आहे. तिथे तुम्ही पीडित म्हणूनच बोलता, त्यामुळे नाव द्यावं लागतं.

साधं टपाल अजूनही उत्तम. पोलीस अधीक्षकांच्या नावाने, पाकिटावर ‘व्यक्तिशः, गोपनीय’ लिहून, साध्या तिकिटाने पाठवा. स्पीड पोस्टला पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो. मराठीत लिहिलेलं चालतं, गोव्याच्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराची तरतूद आहे. मात्र पत्र लांबलचक असेल तर ते भाषांतराला फिरतं, आणि जितके हात तितके डोळे. एक पान पुरे.

स्टेशनवर स्वतः जायचं असेल तर एवढं माहीत असू द्या: सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२०च्या आदेशाप्रमाणे स्टेशनांत सीसीटीव्ही असायचे आहेत आणि त्यांचं चित्रण १८ महिन्यांपर्यंत जपायचं आहे. कॅमेऱ्यापेक्षाही बाकावर बसलेला गावातला माणूस जास्त धोक्याचा. अधीक्षक किंवा उपअधीक्षकांच्या कार्यालयात वेळ मागून जाणं बरं.

पंचायत, नगरनियोजन आणि मामलेदार कचेरी हा वेगळाच प्रांत. डोंगर कापणी (नगरनियोजन कायद्याचं कलम १७-ए) किंवा बेकायदा बांधकाम (पंचायत राज कायद्याचं कलम ६६) यांची सही केलेली तक्रार दिली, की कारणे दाखवा नोटीस काढताना तुमच्या तक्रारीची प्रतच समोरच्याला जोडली जाते, आणि जागेच्या पाहणीला तुम्हालाही बोलावतात. पोलिसांच्या खबरीला जे कलम लागतं ते इथे आपोआप लागत नाही. निनावी राहायचं असेल तर सर्व्हे नंबर, गाव आणि तारीख असलेली सहीविना माहिती भरारी पथकाला किंवा पोलिसांना द्या. रेतीचंही तसंच. खाण कायद्याच्या कलम २२खाली न्यायालयात तक्रार अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच करायची असते. तुमच्या सहीची तिथे मुळात गरजच नाही, माहिती खाण संचालनालयाला पोचली की झालं.

बेनामी जमीन, लपवलेलं उत्पन्न असे विषय आयकराच्या तपास शाखेकडे जातात. २०१८च्या बक्षीस योजनेत माहिती उपयुक्त वाटल्यास खबर देणाऱ्याला एक सांकेतिक क्रमांक मिळतो आणि पुढचा व्यवहार त्यावर चालतो. लपवलेल्या उत्पन्नासाठी बक्षीस ५० लाखांपर्यंत, बेनामी मालमत्तेसाठी वेगळ्या योजनेत १ कोटीपर्यंत. पण बक्षीस हवं तर विभागाला नाव सांगावंच लागतं. निनावी पत्राला बक्षीस नाही.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा भ्रष्टाचार असेल तर २००४च्या पीआयडीपीआय (जनहितासाठी माहिती देणाऱ्यांचं संरक्षण) ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाता येतं. बिहारमध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती. त्यांचं पत्र कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरलं आणि नोव्हेंबर २००३मध्ये गयेत त्यांचा खून झाला. हा ठराव त्यातून आला. तक्रार बंद पाकिटात, पाकिटावर ‘पीआयडीपीआय’, सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, नवी दिल्ली यांच्या नावाने. नाव-पत्ता आत, पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी किंवा वेगळ्या कागदावर, म्हणजे तो भाग बाजूला काढता येतो. पाकिटावर नाव नको, आणि अशा पाकिटासाठी टपाल खात्याने पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा आग्रह धरायचा नाही अशी सूचना आहे. आयोग निनावी पत्र घेत नाही. ईमेलने पाठवलंत तर गुप्तता गेली. गोवा सरकारचा तलाठी किंवा अभियंता असेल तर हा मार्ग लागू नाही, ते दक्षता संचालनालयाचं काम. आणि २०१४चा व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा? संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, अंमलात आणलाच नाही. त्याचा हवाला देऊन अर्ज करू नका.

मजकूर: नाव इथूनच फुटतं

नाव लिहिलेलं नसतानाही माणूस ओळखला जातो तो मजकुरावरून. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४२खाली घर, गाडी किंवा बंद जागेबद्दलची खबर अधिकाऱ्याला लिहून घ्यावी लागते आणि ७२ तासांत तिची प्रत वरिष्ठाला पाठवावी लागते. हे पाळलं की नाही यावर बचावाचे वकील खटला लढवतात, म्हणून तो कागद न्यायालयात येतो. त्यात तुमचं नाव नसतं, पण ‘मागच्या खोलीतल्या तांदळाच्या डब्यात’ असं लिहिलं असेल, आणि ती खोली घरच्यांशिवाय फक्त मोलकरणीने पाहिली असेल, तर नावाची गरज काय?

म्हणून प्रत्येक वाक्य लिहिल्यावर स्वतःला विचारा: हे माझ्याशिवाय आणखी किती जणांना दिसतं किंवा माहीत आहे? पाचापेक्षा कमी उत्तर आलं तर ते वाक्य बदला. रस्त्यावरून दिसणाऱ्या गोष्टी लिहा: गाडीचा नंबर, रंग, येण्याची वेळ, आठवड्याचे कोणते दिवस, गेटाची खूण, कोणत्या शॅकच्या मागची वाट. आतली गोष्ट सांगणं भागच असेल तर ती लेखी देऊ नका, अधिकाऱ्याला तोंडी सांगा आणि ‘हे दोघातिघांनाच माहीत आहे, कागदावर घेऊ नका’ असं स्पष्ट म्हणा. चांगला अधिकारी तुमच्या खबरीवर एक-दोन दिवस पाळत ठेवतो आणि मग स्वतः पाहिलेल्या गोष्टी लिहितो.

वेळही बोलते. भांडण झालं त्याच रात्री छापा पडला तर संशय भांडणाऱ्यावर जातो. धंदा चालूच राहणारा असेल तर आठवडाभर थांबण्यात नुकसान नाही. जिवाला धोका असेल तर मात्र थांबू नका.

ऐकीव ते ऐकीव म्हणूनच लिहा. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि एनडीपीएसच्या कलम ५८खाली द्वेषाने खोटी खबर देऊन झडती किंवा अटक घडवली तर दोन वर्षांपर्यंत. चुकीची निघालेली पण प्रामाणिक खबर यात येत नाही.

फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅप

मोबाइलच्या फोटोत तारीख, फोनचं मॉडेल आणि बहुधा जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. पाठवण्याआधी ते काढा, आणि तुमच्याच गच्चीवरून काढलाय हे कोनावरून कळणार नाही ना, हेही पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर आणि डीपी दोन्ही जातात. पुढे पाठवलेला संदेश कुठवर जाईल ते तुमच्या हातात नाही.

त्याहून महत्त्वाचं: व्हिडिओ खबर म्हणून द्या, पुरावा म्हणून नको. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करायला प्रमाणपत्र लागतं, त्यात कोणत्या उपकरणातून नोंद आली आणि ते कोणाच्या ताब्यात होतं हे येतं. तुमचा फोन जप्त झाला की तुम्ही साक्षीदार झालात. पोलिसांना तुमचा व्हिडिओ बघून स्वतःचा पंचनामा करू द्या.

पोलीस पुन्हा बोलावतात तेव्हा

खबर दिल्यावर ‘जरा स्टेशनवर येऊन जा’ असा फोन आला, तर लेखी बोलावणं मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९खाली साक्षीदाराला बोलवायचा आदेश लेखीच असावा लागतो. बायका, १५ वर्षांखालची मुलं, साठीपुढची माणसं, आजारी किंवा अपंग यांना राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. जबाब घेतलाच तर त्यावर तुमची सही लागत नाही, कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं. जबाबातला काही भाग आरोपीला कळणं सार्वजनिक हिताला बाधक असेल, तर तो वगळण्याची विनंती तपास अधिकारी कलम १९३(७)खाली न्यायालयाला करू शकतो. ही विनंती त्याने करावी असा दोन ओळींचा अर्ज तुम्ही आधीच देऊन ठेवा, कारण आरोपपत्र गेल्यावर उशीर होतो.

स्वतःचं तोंडही आवरा. मित्राला, भावाला, ‘विश्वासातल्या’ पंचायत सदस्याला सांगितलेली गोष्ट कुठल्याही कलमाखाली गुप्त नसते.

नाव फुटलंच तर

धमकी कोणी, कधी, कोणत्या शब्दांत दिली ते त्याच दिवशी लिहून ठेवा, फोन आला असेल तर नंबर जपा. धमकीची तक्रार (न्याय संहितेचं कलम ३५१, आणि खोटी साक्ष द्यायला धमकावलं तर २३२) तुम्ही उघडपणे करावी, कारण आता लपवायला काही उरलेलं नाही. स्टेशनने घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली अधीक्षकांना, मग दंडाधिकाऱ्यांकडे. नाव पोलिसांकडूनच फुटलं असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण पणजीत आहे.

साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ला देशभर लागू केली. राज्यांनी अशी योजना काढावी हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८मध्येही आहे. योजनेत ‘साक्षीदार’ म्हणजे गुन्ह्याबद्दल माहिती किंवा कागदपत्र असलेली कोणतीही व्यक्ती, त्यामुळे न्यायालयात न आलेला खबऱ्याही अर्ज करू शकतो. पण अट गुन्ह्याच्या शिक्षेची आहे: फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षं आणि त्यावरची कैद, शिवाय महिलांविरुद्धचे काही गुन्हे. गांजाच्या वीस किलोच्या साठ्याची खबर यात बसते. अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत, तिथे शिक्षाच एक वर्षापर्यंत, त्यामुळे तो बसत नाही. रेती उपशाला खाण कायद्यात कमाल पाच वर्षं, तोही बाहेर, मटकाही बाहेर. गोव्यात रोज लागणारी प्रकरणं नेमकी बाहेर राहतात, ही या योजनेची मोठी उणीव. अशा वेळी अधीक्षकांकडे पोलीस संरक्षणाचा अर्ज, आणि उत्तर आलं नाही तर पर्वरीला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात रिट, हाच रस्ता.

योजनेत बसत असाल तर अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे, तिच्या सदस्य-सचिवामार्फत, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी अभियोक्ता प्रमुखांमार्फत करायचा. उपविभागाचा पोलीस अधिकारी पाच कामकाजी दिवसांत धोक्याचा अहवाल देतो, त्यात धोका अ, ब किंवा क गटात टाकला जातो. जीव धोक्यात असेल तर ‘अ’. सुनावणी बंद दाराआड होते. अहवाल आल्यावर पाच कामकाजी दिवसांत निर्णय अपेक्षित आहे, आणि तोवरचं तातडीचं संरक्षण अर्जातच मागावं, न मागता ते मिळेल असं धरू नये. आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा असतो. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी, दरम्यानच्या धमक्यांच्या तारखा जोडून, वाढीचा अर्ज टाका.